गोटा चिरला त्या वर्षीचा रोवणा

रोवणा लागला की आधी माझ्या बोटांना कळतं. लावणीसाठी धानाचे पऱ्हे, ती कोवळी रोपं, उपटताना मुळं चिखलातून सुटतात तो चर्र आवाज बोटांतून हातात चढतो आणि खांद्यापर्यंत जातो. नखांच्या कडा काळ्या होतात. पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलते. घरात शिरलं तरी चिखलाचा वास मागोमाग येतो, अंबाडीच्या भाजीलाही तोच वास लागतो. बगळे आमच्या मागे मागे चालतात, जसे काही त्यांनाच मजुरी मिळणार आहे. या दिवसांत मला कोणाशी बोलावं लागत नाही. वाकलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही. म्हणून हे दिवस मला आवडतात, आणि याच दिवसांत माझा राग सगळ्यात ताजा असतो.

आमच्या घरी पहिली ओळ जाऊबाई रोवते. शेताच्या पहिल्या बांधीच्या कोपऱ्यात हळदकुंकू वाहते, पऱ्ह्यांची पेंडी सोडते, वाकते. तेवढा वेळ मी कडेच्या उंच धुऱ्यावर उभी राहायचं. ओळ पुरी झाली की ती मागे न बघता हात हलवते, मग मी चिखलात उतरायचं. एकदा उतरले की दिवस मावळेपर्यंत मला कोणी थांब म्हणत नाही. पाय माझे वाईट, हात चालतात.

माहेर माझं अर्जुनी मोरगावकडचं. तिकडे तलाव मोठे, पाऊस उशिरा आला तरी तलावाचं पाणी सोडून रोवणा होतो. सासर इकडे सालेकशाच्या डोंगराकडे. इथे गावाला एक लहान तळ्याएवढी बोडी आणि वर आभाळ, तिसरं काही नाही. वैशाखात माझं लग्न झालं. मिरग कोरडा गेला. आदरा कोरडा गेला. पऱ्हे पिवळे पडून जागच्या जागी वाळले. पोरांनी मुसळाला बेडूक बांधून घरोघर फिरवला, बायांनी त्याच्यावर पाणी घातलं. तरी काही नाही. मग गावची माणसं डोंगरातल्या गुहेत गेली. कचारगडाची नव्हे, ती मोठी, तिथे जत्रा भरते. आमची लहानशी आहे, तोंडातून पोटावर सरकत जावं लागतं. आत वरून पाणी ठिबकतं आणि खाली पांढरे गोटे उभे आहेत, मेणबत्ती विझवून ठेवावी तसे. त्यातला एक हातभर गोटा माझ्या सासऱ्यांनी मुळापासून तोडला आणि वाजतगाजत गावात आणला. बोडीत गुडघाभर पाणी उरलं होतं, त्यात तो देव बुडवून ठेवला. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाठवतो, असं सगळे म्हणत होते.

बाया घागरी घेऊन निघाल्या, बुडवलेल्या देवावर आणखी पाणी घालायला. माझ्या अंगावरची हळद अजून गेली नव्हती. मीही घागर उचलली. जाऊबाईनं ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली.

"तू नोको लागू वो लहाने," ती म्हणाली. "तुझ्या पायानं तं पानी गेला."

ओरडली नाही. चुलीवरचं भांडं गरम आहे, हात लावू नको, असं लेकराला सांगावं तशी म्हणाली. म्हणून सगळ्यांना ते खरं वाटलं. संध्याकाळपर्यंत बोडीवरच्या बाया तेच म्हणत होत्या. माझ्या मालकांनी ऐकलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

पाऊस आला तो पोळा झाल्यावर. धानाच्या काही कामाचा नव्हता. तरी देव पावला म्हणून गोटा बोडीतून काढला आणि आमच्या अंगणात बसवला. जाऊबाईनं स्वतःच्या हातानं त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावला, चांगला जाड. दरवर्षी त्याच्यावर नवा हात फिरवायची. त्या शेंदरानं पुढं काय केलं ते सांगायचंच आहे.

माझी वनिता दहावी शिकली. दिसायला माझ्यापेक्षा पुष्कळ बरी. सौंदडचे पाहुणे तिला बघायला आले, पोहे खाल्ले, पोरीला शिवणकाम येतं का विचारलं, हसत हसत उठले. जाऊबाई त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेली. परत काही निरोप आला नाही. मग मध्यस्थानंच सांगितलं, "पोरगी चांगली हाये, पन तिच्या मायच्या पायाची गोस्ट ऐकली त्यायनं." वनिता त्या दिवशी रडली नाही. ती माझ्या पायांकडे बघत बसली. मी पाय लुगड्यात ओढून घेतले. पुढं तिचं लग्न झालं, चांगलंच झालं, छत्तीसगडात सुखात आहे. पण ते बघणं माझ्यापाशी राहिलं.

तोंडानं बोलणं मला जमत नाही. चार माणसांत जीभ टाळूला चिकटते. चौथी शिकले, तेवढ्यावर लिहिणं जमतं, म्हणून लिहिते आहे.

मॅडम आली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, थंडी सरता सरता. डोक्यावर दिवा बांधलेली, पॅन्ट घातलेली, वनिताच्या वयाची. तिचा मुक्काम शाळेत, जेवण आमच्याकडे. ती गुहांमधल्या गोट्यांवरून जुना पाऊस शोधते म्हणाली. बस्तरकडे मोठ्या गुहा आहेत, तिथं पुष्कळ काम झालं आहे. इकडे एक लहान गुहा आहे असं कोणीतरी सांगितलं, म्हणून आली. चुलीपाशी बसून भाकर खाताना ती मला समजावून सांगायची. मी काही विचारायची नाही, तरी सांगायची.

"पावसाचं पाणी डोंगरात मुरतं, मावशी. मुरता मुरता दगडातला चुना घेऊन येतं. गुहेत थेंब पडतो, पाणी वाहून जातं, चुना तिथंच बसतो. असा एकावर एक थर. केसापेक्षाही बारीक. आणि पाण्यातही हलकं पाणी, जड पाणी असं असतं. पाऊस भरपूर पडला की हलकं पाणी जास्त. पाऊस रोडावला की जड. ते चुन्यात तसंच राहतं. आम्ही सुईनं थराथराची भुकटी काढतो आणि मशीनवर बघतो."

पाण्यात हलकं-जड असतं हे मला नवीन होतं. मी जन्मभर घागरी वाहिल्या, मला सगळंच जड लागलं.

एक दिवस ती गुहेतून आली ती विचारतच आली, तिथला एक गोटा कोणी तोडला म्हणून. मी खाली मान घातली. शेजारची पार्बती बुढी अंगणातल्या बांबूच्या कुडाजवळ बसून मोहफुलं निवडत होती. तिनंच अंगणाकडे हात केला. "थो का, आमचा देव."

मॅडम शेंदराच्या ढिगापाशी उकिडवी बसली. नखानं कडेचा एक पोपडा उचलला. खाली गोटा दुधासारखा पांढरा. तिचा चेहरा बदलला. शेंदूर-तेलाच्या पुटाखाली वरचा थर जसाच्या तसा राहिला आहे म्हणाली, ना पाऊस लागला ना हात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो कोणत्या साली तोडला ते गावाला माहीत आहे.

"बाकीच्या दगडांना विचारावं लागतं, तू वाढायचा कधी थांबलास. याचं उत्तर तुम्ही सगळे जाणता."

जाऊबाई धावत आली. "हात नोको लावू वो बाई! देव हाये तो. कापाले काय बकरा हाये?"

मॅडमनं पुष्कळ सांगून पाहिलं. उभा चिरू, अर्धा परत आणून देऊ. जाऊबाई ऐकेना. तिचा आवाज चढला. मला वाटलं, देवासाठी चाललंय. मॅडम उठली. "जबरदस्ती नाही करणार, मावशी," असं मला म्हणाली आणि शाळेत सामान बांधायला गेली.

मी तिच्या मागे गेले. कशी गेले ते माझं मलाच कळलं नाही. शाळेच्या पायरीवर तिला विचारलं, "मी याच्या पहिलेचा पाऊस दिसते का त्याच्यात?"

तिला कळलं नाही. "तुम्ही कुठं यायच्या?"

"या गावात. सून म्हनून. गोटा तोडला त्याच साली आली मी. लोक मनतेत, माझ्या पायानं पानी गेला."

तिनं बांधलेलं सामान खाली ठेवलं. मग म्हणाली, "दिसेल. आधीचा सगळा पाऊस दिसेल."

घराची वाटणी मागेच झाली होती, शेत तेवढं एकत्र राहिलं, आणि तेव्हाच अंगणात बांबूचा कुड उभा राहिला. गोटा आमच्या बाजूला राहिला. जाऊबाई रोज कुडाच्या फाटकातून येऊन पूजा करायची, कोणी तिला कधी अडवलं नाही. पण जागा आमची होती. मी मॅडमला म्हटलं, "न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई तांब्या घेऊन आली. गोट्याच्या जागी ओला खड्डा, त्यात पांढरी मुळं आणि एक गांडूळ.

"गोटा कोठी हाये?"

"गेला."

"कोनं नेला?"

"म्या देला."

तांब्या हातात घेऊन ती तशीच खाली बसली. मग तोंड सुटलं. माझे हात झडतील, माझ्या वंशाला पाणी मिळणार नाही, काय काय. मी कुडाला टेकून उभी होते. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. इतकं चांगलं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

ती शिव्या देऊन दमून गेली तेव्हा पार्बती बुढी माझ्याजवळ आली. तिच्या तोंडात दात नव्हते, पण जीभ जागेवर होती.

"काऊन एवढी रडून राहिली ते, मालूम हाये का तुले?"

"देवासाठी."

"देव गेला चुलीत! ते आपल्यासाठी रडून राहिली. थोरली नवी आली ना, त्या साली बी धान पोटऱ्यातच वाळला होता. त्याच्या दुसऱ्या साली बी तसाच. तवा सारे तिलेच मनत. सासू तिले धानाच्या कोठीले हात लावू दे नाही. मंग तू आली. तिनं तुले पुढं केलं अन् आपून मोकळी झाली."

"मले कोनी सांगतला नाही."

"कायले सांगन? एकीवर बसला ना थो डाग, लोकायचं काम झालं. दोघी कायले पायजे?"

त्या दिवशी मला घागरीचा खरा अर्थ कळला. जाऊबाईनं ती माझ्या हातातून इतक्या हळूच का काढली होती ते कळलं. स्वतःच्या अंगावरचं काहीतरी उतरवून ती माझ्या अंगावर पांघरत होती, आणि नव्या नवरीला शालू नेसवावा तसं नीट, चुण्या घालून पांघरत होती. कोणी म्हणेल, बिचारी, तीही भोगून बसली होती. मला तिची कीव यायला पाहिजे होती. आली नाही. राग वाढला. ते कसं भाजतं हे ज्याला माहीत नाही, त्यानं चटका दिला तर गोष्ट वेगळी. हिला माहीत होतं. कुठं भाजतं, किती दिवस भाजतं, रात्री कोणत्या कुशीवर झोपलं की कमी भाजतं, सगळं माहीत होतं.

त्या वर्षीचा पाऊस चांगला होता. पऱ्हे असे तरारले की वाऱ्यानं त्यांच्यावर हात फिरवला की हिरवा रंग सांडेल असं वाटायचं. सगळा उन्हाळा मी वाट बघत होते. चिखलणी करताना, पेंड्या बांधताना, डोकं त्या मशीनकडे. कुठं आहे ती, कशी आहे, माहीत नाही. मनात एवढंच की एक सुई दगडात उतरते आहे आणि माझ्या सालाखाली शिरते आहे.

मॅडम आली ती नेमकी रोवणा लागला त्या सकाळी. जाऊबाई पहिल्या ओळीला वाकलेली, तिच्या मागे बाकी बाया. मी धुऱ्यावर उभी. पाऊस झिमझिम. मॅडम घसरत घसरत धुऱ्यावरून आली आणि पिशवीतून अर्धा गोटा काढून माझ्या हातावर ठेवला. चिरलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत. आत पट्टेच पट्टे, पांढरे, पिवळट, राखाडी, लाकडाच्या आतल्या बाजूसारखे.

तिनं टोकाशी नख लावलं. "हे तुमचं साल. इथं दगड वाढायचा थांबला. याच्या खालचे हे थर बघा, बारीक, आणि सगळं जड पाणी. म्हणजे तुम्ही यायच्या आधीच पाऊस कमी झाला होता, मावशी. नेमकं कोणत्या साली सुरू झालं ते मी छातीठोक सांगणार नाही, एखादं वर्ष इकडंतिकडं होऊ शकतं. पण तुमच्यापासून सुरू झालं नाही, हे नक्की."

मग नख खाली खाली नेलं. तिथं एक रुंद राखाडी पट्टा होता. "आणि हा बघा. हा त्यापेक्षा किती मोठा दुष्काळ. तेव्हा हे गावसुद्धा नसेल इथं."

मी त्या पट्ट्यावर अंगठा ठेवला. गार होता. तेव्हा जे कोणी इथं राहत असतील त्यांनी कोणाची सून पकडली असेल, असं मनात आलं. पकडली असेलच. तिचं नाव काही दगडात उतरलं नाही. दगडात नुसता पाऊस उतरतो.

"तुमच्यामुळे नाही झालं," मॅडम म्हणाली. "कोणाच्याच मुळे नाही झालं."

पहिलं वाक्य मी घेतलं. दुसरं तिचं तिला राहू दिलं.

तेवढ्यात माझं लक्ष बांधीकडे गेलं. जाऊबाई ताठ उभी होती. हातात पेंडी, डोक्यावरच्या प्लास्टिकच्या खोळीवरून पाणी गळत होतं. तेवढ्या लांबून तिला काही ऐकू आलं नव्हतं. तिला फक्त दिसत होतं: मी, मॅडम, आणि माझ्या हातावर उघडा पडलेला गोटा. ती परत वाकली. पण ओळ तिथून वाकडी झाली, आणि धान निघेपर्यंत ती वाकडीच राहिली. मी रोज बघायची.

संध्याकाळी ती कुडापाशी आली. लग्नापासून पहिल्यांदा ती मला काही विचारायला येऊन उभी राहिली.

"काय मनते ते बाई?"

मी भाकरी थापत होते. "सांगीन, बाई. रोवना होऊन जाऊ द्या."

रोवणा झाला. पोळ्याला तिनं मला घरी जेवायला बोलावलं. जेवता जेवता विचारलं. मी म्हटलं, "धान निंगू द्या, मंग सांगीन." धान निघालं. तिच्या वयाचं कोणी उरलं नव्हतं, पार्बती बुढीही त्या थंडीत गेली. तिच्यासोबत ते जुनं सालही गेलं, आता ते आम्हा दोघींनाच माहीत आहे. अर्धा गोटा मी त्याच्या जागी बसवला, चिरलेली बाजू जाऊबाईच्या घराकडे करून. ती पूजेला येते तेव्हा शेंदूर गोल बाजूला लावते. चिरलेल्या बाजूला हात लावत नाही.

वनिता फोनवर म्हणते, "आई, सांगून टाक ना साऱ्यायले. कायले लपवून राहिली? तुझाच तं डाग जाते." खरं आहे. बोडीवर धुणं धुताना एकदा बोलले तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. लोक म्हणतील, असं का, बरं झालं. दुसऱ्या दिवशी विसरतील. पुढच्या रोवण्याला मीही पहिल्या ओळीला असेन. आणि जाऊबाई? एक दिवस तोंड लपवील, मग झोपेल. शांत झोपेल. जे व्हायचं ते होऊन गेलं की माणूस झोपतोच.

मला ते नको आहे. म्हणून मी अजून धुऱ्यावर उभी राहते. पूर्वी मला उभी ठेवत होते, आता मी आपण होऊन राहते. ती वाकण्याआधी मागे वळून बघते, मी उतरते का, काही बोलते का. मी पावसाकडे बघते. मॅडमनं ते एखादं वर्ष इकडंतिकडं म्हटलं होतं, ते मी तिला कधी सांगणार नाही. ते साल तिच्या लग्नाआधीचं निघालं, तर त्या एका वर्षात ती सुटू शकते.

यंदाचा रोवणा आटोपता आटोपता, परवा, तिच्या नातीला बघायला गोंदियाहून पाहुणे आले. नात पूनम. कॉलेजात जाते, मला लहानी आजी म्हणते. पोरीशी माझं काही वाकडं नाही. सकाळीच जाऊबाई कुडाच्या फाटकातून आली. "लहाने, तू येशील नाही तं चालन. तुले लोकायत बसनं आवडत नाही ना."

"येतो ना," मी म्हटलं. "घरचं काम हाये."

चांगलं लुगडं नेसले. पाण्याचे पेले मीच नेले. मग मुलाच्या आईजवळ सतरंजीवर बसले, अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. पोहे झाले, चहा झाला, पूनम येऊन पाया पडून गेली. बाकीच्या बाया उठल्या. मी उठले नाही. बोललेही नाही. जाऊबाई दाराच्या चौकटीत बशा घेऊन उभी, धुवायला न्यायचं विसरून. तिच्या कपाळावर घाम होता. बाहेर गार वारा होता.

मुलाची आई गोंदियाची, बोलकी. शेवटी माझ्याकडे वळलीच. "अरे, तुम्ही तर काहीच बोलत नाही बहनजी! पोरीच्या कोण लागता?"

"लहानी आजी."

"मग सांगा ना, कशी आहे आपली पोरगी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एरवी माझी जीभ टाळूला चिकटते. त्या दिवशी चिकटली नाही. पण मी वेळ घेतला. पेला उचलला, पाणी प्याले, पेला खाली ठेवला.

"पोरगी चांगली हाये," मी म्हटलं.

जाऊबाईनं श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत मी म्हटलं, "घरचं बाकी मंग सांगीन. बसा ना, घाई कायची हाये?"

सगळे हसले. थोरामोठ्यांची थट्टा म्हणून हसले. जाऊबाईही हसली. तिला हसावंच लागलं.